करड्या ओळी

भूपाल मगदूम यांची वाचा परत आली तेव्हा त्यांनी मागितलं फक्त पाणी. पण ते अशा थाटात मागितलं, की मिरजेच्या त्या इस्पितळात शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. "पाणी" या शब्दाचा शेवटचा स्वर चढत चढत लांबला आणि एकदम तुटला, जणू समोर कुणीतरी कुणाला तरी चीत केलं होतं.

त्याला कारण होतं. भूपालअण्णा म्हणजे कुस्तीचे निवेदक. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जत्रेचं मैदान असो की एखाद्या तालमीचा वर्धापनदिन, माईक अण्णांच्या हातात आला की हलगीवालासुद्धा जरा हात आवरता घ्यायचा. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचं बोलणं गेलं. मग बोलणारं यंत्र बनवणाऱ्यांनी त्यांचा आवाज नव्याने घडवला, तो या मैदानांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून. घरातल्या बोलण्याचं काही असेल तर द्या, असं कंपनीने विचारलं होतं. अण्णांच्या बायकोने, त्रिशलाबाईंनी, सगळे जुने फोन धुंडाळले, पण काही सापडलं नाही. मैदानात तासन् तास बोलणारा हा माणूस घरी आला की "हं" आणि "बघू" एवढ्यावर भागवायचा. लग्न झाल्यापासून ते तसंच चालत आलं होतं.

यंत्राचं नाव होतं 'उच्चार'. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूच्या एका पट्ट्यातून ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सुटतात. अण्णांच्या मेंदूतून हे हुकूम नीट सुटत होते, फक्त खाली जाणारी वाट तुटली होती. कवटीखाली बसवलेली, वाळून जाळी झालेल्या पिंपळपानासारखी एक पातळ जाळी ते हुकूम वाटेतच ऐकायची. कानामागची चकती त्यांचे शब्द करायची आणि गळ्यातला छोटा स्पीकर ते बोलून दाखवायचा. अडचण एकच होती. माणूस मनाशी बोलतो तेव्हाही तोच पट्टा जागा होतो, फक्त जरा मंद. म्हणजे यंत्राला मनातलंही ऐकू येणारच. मग बोलायचं कुठलं आणि गिळायचं कुठलं, यावर पहारा ठेवायचं काम प्रोग्रामकडे होतं. हे सगळं त्रिशलाबाईंना त्यांच्या मुलीने, प्रांजलने, ऑपरेशनच्या आधी समजावून सांगितलं होतं. प्रांजल पुण्याच्या त्याच कंपनीत प्रोग्राम लिहायची. त्रिशलाबाईंनी मान डोलावली होती. त्यांना त्यातलं एवढंच कळलं, की अण्णा बोलतील.

आणि अण्णा बोलायला लागले. हरिपूर रस्त्याला त्रिशलाबाईंची नर्सरी होती आणि नर्सरीला लागूनच घर. चहा मागताना, पंखा बंद करायला सांगताना, डास मारायला सांगताना अण्णांचा आवाज मैदानातला असायचा. गुलाबाची कलमं घ्यायला आलेली गिऱ्हाइकं दचकून आत बघायची. त्रिशलाबाईंना पहिले काही दिवस हसू आवरत नसे. मग त्या आवाजाची सवय झाली आणि घर पूर्वीसारखं शांत झालं. तोच "हं" आणि तेच "बघू", फक्त आता जरा वरच्या पट्टीत.

यंत्राबरोबर घरच्यांसाठी एक टॅब मिळाला होता. अण्णा जे बोलायचे ते त्याच्यावर काळ्या अक्षरांत उमटायचं, म्हणजे लांबून ऐकू आलं नाही तरी वाचता यावं. एके दिवशी पुण्याहून यंत्राच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. टॅब बंद होऊन पुन्हा सुरू झाला. दुपारी त्रिशलाबाई पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. टॅब शेजारी स्टुलावर होता. त्यावर काळ्या ओळींच्या मध्ये एक करडी ओळ दिसली.

'हिचे गुडघे परत सुजलेत. सांगणार नाही.'

त्रिशलाबाईंनी वर बघितलं. अण्णा व्हरांड्यात खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. स्पीकर गप्प होता. त्यांना वाटलं, आपल्याला ऐकू आलं नसेल. त्यांनी विचारलं, काही म्हणालात का? अण्णांनी मान हलवली, नाही. आणि टॅबवर दुसरी करडी ओळ आली: 'हिला आता कानालाही कमी यायला लागलं.'

पहिल्या दिवशी त्या घाबरल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना दोडक्याची भाजी अण्णांनी निमूटपणे खाल्ली आणि पडद्यावर आलं, 'मीठ कमी आहे. बोललो तर परत उठेल.' त्रिशलाबाई उठल्या, मिठाची बरणी आणली आणि चिमूटभर मीठ त्यांच्या भाजीवर टाकलं. अण्णांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आयुष्यात पहिल्यांदाच बघत असावेत. त्या नजरेने त्रिशलाबाईंना इतकं बरं वाटलं, की प्रांजलला फोन करायचा विचार त्यांनी मागे टाकला. उद्या करू, असं ठरवलं. उद्याही तेच ठरवलं.

त्यानंतरचे दिवस त्यांच्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते, असं त्यांनी पुढे प्रांजलला सांगितलं. अण्णांच्या मनात यायचा अवकाश, की चहा समोर. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली की खुर्ची फिरवलेली. अण्णा खूश व्हायचे, आणि तेही करड्या अक्षरांत दिसायचं. त्रिशलाबाईंना कळलं, की आपण निळं पातळ नेसलो की हा माणूस दिवसभर ते बघतो. त्यांना हेही कळलं, की आपण फोनवर बहिणीशी बोलताना जे मोठमोठ्याने हसतो ते त्याला आवडत नाही. एवढी वर्षं ते त्याने सोसलं होतं.

मग त्यांना चटक लागली. त्या मुद्दाम काहीतरी विचारायच्या आणि उत्तराकडे लक्ष न देता टॅबकडे बघायच्या. एकदा रोपांना पाणी घालता घालता त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, की नर्सरीच्या उद्घाटनाला सगळे आले, तुम्ही तेवढे नव्हता, तुमचं कुठलं तरी मैदान होतं. अण्णा म्हणाले, "हं." टॅबवर आलं:

'आलो होतो. रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी उभा होतो. एवढी माणसं हिच्याभोवती. मधे जाऊन काय बोलायचं, सुचलं नाही. मग गेलो.'

त्रिशलाबाईंनी नळ बंद केला आणि त्या मागच्या शेडमध्ये जाऊन बराच वेळ कुंड्या लावत राहिल्या. ती बोच त्यांनी मनात किती वर्षं जपली होती. ज्या माणसाला हजारोंच्या गर्दीपुढे शब्द कमी पडत नव्हते, तो बायकोला शाबास म्हणायला रस्ता ओलांडू शकला नव्हता.

पण दोघांमधलं काहीतरी बदलत होतं आणि ते त्यांच्या लक्षात यायला उशीर झाला. मागण्याआधी सगळं मिळत असल्यामुळे अण्णा मागेनासे झाले. आधी चहा मागणं थांबलं, मग पाणी. दिवस दिवस टॅबवर काळी ओळ उमटत नसे. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई दर आठवड्याला व्हिडिओवर यायच्या. त्यांनी आलेख दाखवून सांगितलं, की 'हे बोलायचंय' अशी जी मेंदूची खूण यंत्र ओळखतं, ती फिकी होत चालली आहे. वापरली नाही तर ती इतकी बारीक होईल, की यंत्राला सापडायचीच नाही. नवी जाळी बसवूनही ती परत आली नसती. कारण बिघाड जाळीत नव्हता, सवयीत होता.

याच सुमाराला त्रिशलाबाईंना ताप आला. दोन दिवस त्या पडून होत्या आणि शेजारची बाई येऊन दोघांचं बघत होती. अण्णा त्यांच्या कॉटजवळ खुर्ची लावून बसलेले असायचे. तापातून उठल्यावर त्यांनी सवयीने टॅब हातात घेतला, तर त्यावर कुस्ती चालली होती.

'दोन्ही मल्ल खडाखडी करतायत. निळ्या लांगेच्या मल्लानं पट काढायचा प्रयत्न केला. सुटला. मैदानाला एक चक्कर. पुन्हा हाताला हात. बघत राहा मंडळी, कुस्ती निकालीच होणार.'

ती कुस्ती निकाली होत नव्हती. सकाळी चालू, दुपारी चालू, जेवताना चालू. अण्णा डोळे मिटून बसलेले आणि पडदाभर करड्या मातीत दोन मल्ल एकमेकांना धरून फिरत होते. त्रिशलाबाईंनी काहीही विचारलं तरी मल्ल सुटायचे नाहीत. अण्णांचा चेहरा थकत चालला होता. संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी जेवण उरकलं तेव्हा त्यांना घास गिळायचंसुद्धा त्राण नव्हतं. त्रिशलाबाईंना एकदम उमगलं. हा माणूस दाराला पाठ लावून उभा आहे, आणि दार आपण बाहेरून ढकलतोय.

त्यांनी प्रांजलला फोन केला. सगळं सांगितलं नाही, फक्त टॅबवर जास्तीचं काहीतरी दिसतंय एवढंच म्हणाल्या.  पलीकडून प्रांजल म्हणाली, "आई, टॅब बंद कर. आत्ताच्या आत्ता. मी येते."

दुसऱ्या दिवशी ती आली. अण्णा आत झोपले होते. शेडमधल्या लाकडी बाकावर लॅपटॉप उघडून ती बराच वेळ खाली मान घालून बघत राहिली. चूक छोटी होती. नवी आवृत्ती तयार करताना तिच्या एका सहकाऱ्याला कुठलातरी बिघाड सापडत नव्हता. आत काय चाललंय ते नीट दिसावं म्हणून त्याने तात्पुरता एक शब्द बदलला होता आणि काम झाल्यावर तो परत बदलायचा राहून गेला. एक शब्द. सुदैवाने ही आवृत्ती अजून फक्त चाचणीसाठी, अण्णांच्या एकट्याच्याच यंत्रावर आली होती.

एका शब्दाने एवढं कसं होईल, ते त्रिशलाबाईंना पटेना. मग प्रांजलने आईला समजेल अशा बेताने सांगितलं. प्रोग्राम लिहिताना आम्ही आधी एक साचा करतो, ती म्हणाली, आणि त्या साच्यातून वस्तू पाडतो. उच्चारमध्ये अण्णांचा प्रत्येक विचार अशी एक वस्तू असते. तिच्यात कप्पे असतात: शब्द कुठले, कुणासाठी, बोलायचेत की नाहीत. प्रत्येक कप्प्यावर आम्ही लिहितो, तो कुणाला उघडावा. पब्लिक म्हणजे सगळ्यांना. प्रोटेक्टेड म्हणजे त्या साच्यापासून पुढे जे साचे निघतील त्यांना, वारसांना म्हण. आणि प्रायव्हेट म्हणजे ज्याचं त्यालाच. मनातल्या शब्दांच्या कप्प्यावर प्रायव्हेट होतं, तिथे पब्लिक झालं.

"मेडिकलच्या दुकानात आपण काउंटरपलीकडे हात घालतो का?" ती म्हणाली. "औषधाचं नाव सांगतो. तो चिठ्ठी मागतो, बघतो, आणि द्यायचं असेल तर देतो. तसं. आतलं हवं असेल तर आतल्यालाच मागायचं, आणि देणं न देणं त्याच्याकडे."

त्रिशलाबाई म्हणाल्या, की हे चोराचिलटांसाठी ठीक आहे.

"चोरांसाठी नाहीच ते, आई. चोराला दुसरी कुलपं असतात. हे आपल्याच माणसांसाठी आहे. प्रोग्राममध्ये बाहेरचा एखादा भाग आतल्या कप्प्याला धरून चालायला लागला, की आतल्याला मोकळं राहता येत नाही. काही बदललं की बाहेरचं कोसळतं. मग तो बदलायचाच थांबतो."

त्रिशलाबाईंना दोन मल्ल आठवले.  मातीच्या हातांनीच त्यांनी मुलीचं मनगट धरलं. "बंद करायचं तर बाकीच्यांना कर. मला राहू दे. मी काय परकी आहे? माझ्या जन्मात पहिल्यांदा मला कळतंय ग, ते काय विचार करतात."

प्रांजलने हात सोडवून घेतला नाही. तशी सोय आहे, ती म्हणाली. आतल्या वस्तूने स्वतः कुणाचं नाव लिहिलं, तर त्याला प्रायव्हेट कप्पासुद्धा दिसतो. त्याला फ्रेंड म्हणतात. पण ते नाव आतूनच यावं लागतं. "आत्ता बसून मी तुझं नाव घालू शकते. प्रोग्राम माझ्याच हातात आहे. पण मग तो शब्द खोटा होईल. मी त्यांची मुलगी, तरी ते मला वारशाने मिळत नाही. तुलाही लग्नाने मिळत नाही. आणि त्यांनी तुझं नाव लिहिलं तरी तुझ्या मनातलं त्यांना दिसणार नाही, ते वेगळं. विचारावं लागेल त्यांना."

विचारायचं म्हणजे आधी सांगायचं. तेच त्रिशलाबाई कालपासून टाळत होत्या. पण दुसरं कुणी ते सांगणं बरोबर नव्हतं. अण्णा उठल्यावर त्या चहा घेऊन आत गेल्या, आणि आज चहा त्यांनी लगेच पुढे केला नाही. बंद टॅब मांडीवर पालथा ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. गुडघ्यांपासून मिठापर्यंत आणि रसवंतीपासून तापापर्यंत. चुकून दिसलं, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. दिसलं चुकून, पण वाचलं मी मुद्दाम, असं म्हणाल्या.

 अण्णांच्या कानामागच्या चकतीचा हिरवा दिवा लागायचा आणि विझायचा. शब्द वर येऊन परत जात होते. दारात प्रांजल उभी होती. शेवटी स्पीकर बोलला, मैदानातल्या आवाजात, पण अडखळत.

"ठाऊक होतं. मीठ घातलंस तेव्हाच. मनाशीसुद्धा तसं म्हटलं नाही."

त्रिशलाबाईंनी विचारलं, मग बोलला का नाहीत. अण्णांचा दिवा पुन्हा तीनचारदा लागला.

"बरं वाटत होतं. न बोलता भागत होतं. नंतर... मनात काय येईल, त्याच्यावर काय ताबा? वाईटसुद्धा येतं. ते तुला दिसलं असतं. म्हणून कुस्ती लावून ठेवली." थोडं थांबून ते म्हणाले, "दमलो."

प्रांजलने पुढे येऊन, त्यांच्या खुर्चीजवळ बसून, दोन्ही मार्ग समजावले. सगळं पहिल्यासारखं बंद करता येईल. किंवा अण्णांनी म्हटलं तर आईचं एकटीचं नाव आत लिहिता येईल. घाई नाही, असंही तिने सांगितलं. अण्णांनी बायकोकडे बघितलं. त्या नजरेत माया होती, त्यामुळे त्रिशलाबाईंना क्षणभर खात्रीच वाटली.

"बंद कर," अण्णा म्हणाले.

त्रिशलाबाई उठल्या, चहा त्यांच्या हाताशी ठेवला आणि रोपांना पाणी घालायला गेल्या. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

प्रांजलने तो एक शब्द परत बदलला. दुसऱ्या दिवशी निघताना आईच्या कुशीत शिरून ती म्हणाली, की तिने आजवर लिहिलेल्या प्रोग्रामांत हा सगळ्यात लहान होता आणि सगळ्यात अवघड. त्रिशलाबाई तिला म्हणाल्या, नीट जा, पोचल्यावर कळव. 

घरात काळ्या ओळी परत उमटायला लागल्या. सुरुवातीला मागण्याच फक्त. चहा लागला तर अण्णांना चहा म्हणावं लागायचं आणि ते म्हणेपर्यंत त्रिशलाबाई हलत नसत. त्रिशलाबाईंनाच ते जड जायचं. भाजी कशी झालीय, हे अण्णांच्या तोंडाकडे बघून ओळखायचं म्हणजे पूर्वीसारखंच सगळं अंधारात चाचपडणं. कधी चुकायच्या, कधी रुसायच्या. पण व्यायामवाल्या बाईंनी आलेखावरची रेघ गडद होत असल्याचं सांगितलं. आणि हळूहळू अण्णा न विचारता एखादं वाक्य टाकायला लागले. जास्वंदीला मावा लागलाय. समोरच्या घराला रंग दिलाय, बरा नाही. एके सकाळी त्या निळं पातळ नेसून बाहेर आल्या. अण्णांचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, आणि बाहेर कलमं बघत असलेल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात स्पीकरने सांगितलं, की हे पातळ चांगलं दिसतं. त्रिशलाबाईंना कुठं तोंड लपवावं कळेना. ती गोष्ट त्यांना आधीपासून माहीत होती. तरी ती आत्ता पहिल्यांदाच कळल्यासारखी वाटली.

दिवाळीनंतर एका रविवारी दोघं व्हरांड्यात बसली होती. त्रिशलाबाई बियांच्या पुड्या बांधत होत्या. अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुला ताप आला होता ना. तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगतो."

नको वाटत असेल तर नका सांगू, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं.

"पहिलं हेच आलं, की हिला काही झालं तर माझं कोण करणार. तुझी काळजी नाही. माझी." स्पीकरमधला आवाज मैदानातलाच होता, त्याला हळू बोलता येत नव्हतं. "तू कपाळाला फडकं लावून पडलेली आणि मी हा विचार करतोय. मग लाज वाटली. तेच लपवत होतो."

त्रिशलाबाईंनी हातातली पुडी नीट बांधून पूर्ण केली. त्यांना वाईट वाटलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांच्याही मनात एक गोष्ट होती. ती कुठल्या यंत्राला दिसली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. मागितल्याशिवायच त्यांनी ती दिली.

"तुम्ही पडलात त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्समध्ये तुमचा हात धरून बसले होते मी. डोळ्यांतून पाणी चाललेलं. आणि मनात काय चाललं होतं सांगू? की मंदिरातल्या पंचकल्याणक पूजेसाठी झेंडूची रोपं उद्या सकाळी पोचवायचीत, ती आता कोण पोचवणार."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. कानामागचा दिवा लागला नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि गळ्यातून एक आवाज आला, खरखरीत, मोडका, बेसूर. तो स्पीकरचा नव्हता. हसण्याचे हुकूम मेंदूत दुसऱ्याच वाटेने जातात आणि ती वाट झटक्यातून शाबूत राहिली होती. पण ते इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या घरात तसं हसण्याजोगं कुणी काही बोललंच नव्हतं.

त्रिशलाबाईही हसायला लागल्या, बहिणीशी फोनवर हसतात तशा, मोठमोठ्याने. ते अण्णांना आवडत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या थांबल्या नाहीत. अण्णांनी थांबायला सांगितलंही नाही.